मुसाफिराची सवलत कोणासाठी?

डिसेंबरात मित्राला मागे बसवून कसारा घाट चढायचा, घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागायचे, कळसुबाईच्या पायथ्याशी तंबूत रात्र काढायची, एवढे म्हटले की मोहल्ल्यात शेरा ठरलेला : "ही चैन आहे. नमाज बुडेल."

का बुडेल? मुसाफिराच्या ४ रकात फर्जच्या २ होतात. वजू करून घातलेल्या चामडी मोज्यांवर मसह घरच्याला १ दिवस-रात्र, तर मुसाफिराला ३ दिवस-रात्र करता येतो. गार पाण्याने आजार ओढवणार असेल आणि पाणी तापवायची सोय नसेल, तर तयम्मुम आहे. ज्या दीनने थंडीतल्या मुसाफिराचा इतका बारीक विचार केला, त्याच्याच नावाने पोरांना घरात कोंडायचे?

आणि चैन म्हणाल, तर लग्नाच्या जेवणावळीसाठी कर्ज काढताना हा शब्द कुठे जातो? दोन दिवसांचे पेट्रोल तेवढे डोळ्यांत खुपते!

जमिनीवर फिरा आणि निर्मिती पाहा, असे सूरह अनकबूतमध्ये सांगितले आहे. १६४६ मीटरचे कळसुबाई महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. आपली किती मुले तिथे चढली? हा मुलूख आमचाही आहे, असे सभांमधून ठणकावता ना? मग पोरांना तो पाहू द्या.