चक्रवाक दारात, आपण लडाखात

सुट्टी लागली की आमच्या सीमाभागातली चार पैसे बाळगून असलेली मंडळी लडाखला जातात. साडेचार हजार मीटर उंचीवरच्या त्सो मोरिरी सरोवराकाठी कुडकुडत चक्रवाकाची छायाचित्रे काढतात आणि गावी परतून कौतुकाने दाखवतात. खुशाल जावे. माझा आक्षेप निराळा आहे. त्या उंच सरोवरांच्या परिसरात वीण करणारी ही जात हिवाळ्यात दख्खनच्या पाण्यावर उतरते. नेमक्या त्या दिवसांत आमच्या भालकी तालुक्यातल्या कारंजा जलाशयाकडे फिरकायला कुणाला सवड नसते!

याचे मूळ मला वर्गात दिसते. संस्कृतच्या तासाला चक्रवाकाचा विरह आम्ही कवीसंकेत म्हणून शिकवतो, परीक्षेत त्यावर गुणही देतो. पण नारिंगी अंगाचे, फिकट डोक्याचे ब्राह्मणी बदक म्हणजेच तो चक्रवाक, हे किती मुलांना ठाऊक असते? पक्षी पुस्तकात कोंडून ठेवायचा आणि मुलांना निसर्गाची गोडी नाही म्हणून गळा काढायचा, हा कुठला न्याय?

मेहकर म्हटले की लोकांना बुलढाण्याचे मेहकर आणि त्याच्याजवळचे लोणार आठवते. लोणार सरोवर २०२० साली रामसर यादीत गेले. हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकादंब हंसांमुळे गाजलेला गदग जिल्ह्यातला मागडी तलाव २०२४ साली गेला. आनंद आहे. पण यादीत नाव येईपर्यंत आपल्या पाण्याकडे पाहायचेच नाही काय?

कुणी म्हणेल, कुणब्याला पोटाची भ्रांत, त्याला हे शौक कशाला? अहो, खरा निरीक्षक तोच आहे. ज्वारी हुरड्यात आली की मध्य आशियाकडून आलेल्या भोरड्यांचे थवे रानावर तुटून पडतात. गोफण घेऊन मचाणावर उभा असलेला राखणदार थव्याचे वळण दुर्बिणीशिवाय ओळखतो. याच भोरड्या टोळ-नाकतोडेही फस्त करतात, ही दुसरी बाजू त्याच्यापर्यंत पोहोचवणे शाळेचे काम आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पाण्याजवळच्या प्रत्येक शाळेने एक वही घालावी. तारीख, ठिकाण, संख्या आणि पक्ष्याचे नाव, मराठीत आणि कन्नडातही. ऑक्टोबरात सुरू करावी, मार्चअखेर सर्वांसमोर वाचावी. याला अनुदान लागत नाही, वरिष्ठांची परवानगीही लागत नाही. लागते ती पहाटे उठण्याची तयारी. ती मुलांपाशी आहे. प्रश्न आहे तो आम्हा मोठ्यांचा.