चेटकिणीचे लाडू

परवा वसुबारसेला माझी भाची घरी आली ती काखेत एक गुळगुळीत इंग्रजी पुस्तक घेऊनच. पुस्तक होते नवशिक्यांना चेटूक शिकवणारे! वेष्टनावर काळे मांजर, चंद्रकोर आणि टोकदार टोपी.

“मामा, ‘विच’ला मराठीत काय म्हणायचं?”

मी मास्तरी सवयीने “चेटकीण” म्हणून गेलो, आणि लगेच जीभ चावली. का, ते पुढे सांगतो.

तिच्या डोक्यातले बरेचसे ज्ञान सिनेमातले. “सेलमला त्यांना जिवंत जाळलं ना?” नाही, बाई. युरोपात पुष्कळ ठिकाणी जाळले हे खरे; पण इंग्लंडात आणि त्याच्या अमेरिकेतल्या वसाहतींत या आरोपाला फाशी होती. सेलमला १६९२ साली १९ जणांना फासावर चढवले, त्यांत ५ पुरुष होते. जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने आरोपाला उत्तर द्यायचेच नाकारले, तेव्हा त्याच्या अंगावर दगड रचत गेले. तो त्यांखालीच गेला. आणि पुरावा कसला? आरोपीची छाया येऊन मला चिमटे काढते, असे फिर्यादीने सांगायचे! ती छाया दुसऱ्या कोणाला दिसत नसे, मग खोडून कोण काढणार? सर्वांत विपरीत हे, की ज्यांनी ‘होय, मी चेटूक करते’ असे कबूल केले आणि कबुली मागे घेतली नाही, त्यांतल्या कोणालाही फाशी झाली नाही. लटकले ते ‘नाही’ म्हणणारे.

हे सारे अंधाऱ्या मध्ययुगातले, हाही असाच एक समज. युरोपातला मोठा कहर शिवजन्माच्या आधीच्या साठ-सत्तर वर्षांतला, म्हणजे छापखाने निघून शतक उलटल्यावरचा, शेक्सपिअरच्या काळातला. आणि भाचीच्या पुस्तकातला तो ‘प्राचीन धर्म’? मार्गारेट मरे या विदुषीने १९२१ साली तशी उपपत्ती मांडली होती. पुढच्या इतिहासकारांनी ती मोडीत काढली. जेराल्ड गार्डनरने १९५४ साली पुस्तक लिहून ज्याचा बोलबाला केला, तो आजचा पंथ माझ्या वडिलांच्या वयाचा आहे. त्याचे अनुयायी सैतानाला भजत नाहीत. भाचीने चार मेणबत्त्या लावल्या तर माझी ना नाही; पडदे तेवढे सांभाळावेत.

इंग्लंडने १७३५ साली कायदाच उलटा फिरवला. चेटूक करणे हा गुन्हा राहिला नाही, ते येते असा बहाणा करणे हा गुन्हा झाला. आपल्याकडचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आणखी एक पाऊल पुढे जातो. अमकी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचे दूध आटवते, असा संशय पसरवणाऱ्यालाच तो धरतो. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे.

दूध आटवण्याचे ते कलम वाचले आणि मला आमच्या वाड्यातल्या काकू आठवल्या.

मागच्या खोलीत त्या एकट्या राहत. स्वतःशी बोलत, न्हाल्यावर केस मोकळे सोडून अंगणात बसत. मालकांची म्हैस आटली, एका मुलाला कावीळ झाली, आणि वाड्याचा निकाल लागला. तोंडावर ‘काकू’, पाठीमागे ‘चेटकीण’. दर दिवाळीला त्या पितळी ताटात रव्याचे लाडू पाठवीत, वर विणलेला रुमाल. आई हसून ताट घेई, रिकामे परत जाऊ नये म्हणून त्यात साखर घाली आणि लाडू माझ्या हाती देई, उकिरड्यावर टाकायला. माझी आई वाईट नव्हती. तिला मुले होती, एवढेच.

मी नऊ वर्षांचा होतो त्या दिवाळीत लाडू टाकून वळलो, तर मागे काकू! हातात पाण्याची कळशी. त्यांनी माझ्याकडे पाहिले, उकिरड्याकडे पाहिले.

“ताट तेवढं आणून दे हो, बाळ,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढच्या वर्षी ताट आले नाही. आईला हायसे वाटले. खरे सांगायचे तर मलाही.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मामा, चवीला कसे होते ते लाडू?”

“मला काय माहीत?” मी म्हणालो.