सातांतील चौथी

स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीची कविता म्हटली की ती त्या एका अनुभवाभोवतीच घुटमळणारी, आणि म्हणून मूठभर वाचकांपुरतीच असणार, असा जो ग्रह चोखंदळ रसिकांतही दृढ झालेला दिसतो, तो किती निराधार आहे हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने अमेरिकन कवयित्री जूडी ग्रान हिने १९६९ मध्ये लिहिलेल्या ‘द कॉमन वूमन पोएम्स’ या सात कविता सावकाश वाचाव्यात.

या सातांत कोणी सम्राज्ञी नाही, विदुषी नाही, हुतात्माही नाही. हमरस्त्यावरील खाणावळीत चौकोनी एप्रन बांधून ट्रकवाल्यांना कॉफी देणारी एला आहे; आपल्या लेकराचा छळ करणाऱ्या प्रियकरावर तिने गोळी झाडली, आणि ती तुरुंगातून सुटण्यापूर्वीच न्यायालयाने ते मूल परक्यांच्या हवाली केले, ही हकिगत ग्रान पंचनाम्याच्या कोरडेपणाने नोंदविते, आणि त्या कोरडेपणानेच ती अधिक झोंबते. जामिनाची रक्कम गोळा करणारी, घरमालकाकडून भगदाडे बुजवून घेणारी नेडीन आहे. कचेरीत वरच्या हुद्द्यावर चढलेली हेलन इतर बायकांशी निष्ठुरपणे वागते. तिच्यावर पांघरूण घालण्याचा मोह कवयित्रीने टाळला आहे. (आपल्या स्त्रीगौरवपर काव्यात असा संयम क्वचितच आढळतो.)

चौथी, म्हणजे नेमकी मधली, कॅरल. कामावर दिवसभर ती लाजरेपणाचा आणि दुबळेपणाचा बहाणा करते. घरी परतल्यावर मात्र आपल्या सखीसमवेत स्वतःच खिळे ठोकते, स्वतःची मोटार दुरुस्त करते. तिच्या प्रेमासाठी निराळे प्रकरण नाही की कैफियत नाही. एलाच्या कष्टांइतकेच तेही संसारातले एक वास्तव.

कामगारवर्गात वाढलेल्या आणि वायुदलातून वयाच्या एकविसाव्या वर्षी समलिंगी म्हणून बडतर्फ झालेल्या ग्रानला, सरकारी दफ्तरातला एक शेरा माणसाला चारचौघांतून कसा उठवितो हे ठाऊक होते. म्हणूनच चारचौघींत कोणाला बसवावयाचे, हा निर्णय तिने दुसऱ्या कोणावर सोपविला नाही. छपाईही सोपविली नाही. चित्रकार वेंडी कॅडन आणि इतर मैत्रिणींसह तिने ओकलंड येथे ‘विमेन्स प्रेस कलेक्टिव्ह’ उभी केली, बायकांनी यंत्र स्वतः चालविले, आणि १९७१ मध्ये ‘एडवर्ड द डाइक’ हा संग्रह तेथूनच बाहेर पडला. पुढे एड्रियन रिचसारख्या मान्यवर कवयित्रीने ग्रानच्या कवितांच्या १९७८ च्या संकलित आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. रिचची विद्वत्ता निर्विवाद आहे. तथापि एलाने आपली कविता म्हणून हाती धरावी असे लिखाण, माझ्या मते, ग्रानचेच.

या कविता जो कोणी मराठीत आणील, त्याला एवढीच विनंती की सातही आणाव्यात, त्याच क्रमाने आणाव्यात, आणि कॅरलला एकटीलाच उचलून एखाद्या विशेषांकात नेऊन बसवू नये.