डेडस्टॉक नंबर

आमच्या सोसायटीतला इंजिनिअरिंगचा मुलगा या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. माझी सोल्डरिंग गन नेतो आणि आठवणीने परत आणून देतो, तोच. गेल्या रविवारी तो चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला आणि माझ्या टेबलावर उलगडून म्हणाला, "काका, बघा! नवाकोरा."

बीबीसी मायक्रो होता. जुन्या बाजारात मिळालेला, दोन महिने खपून चालू केलेला आणि वरून दुधासारखा पांढरा. मी विचारलं, "झाकणावर काही लिहिलेलं होतं का रे?" तो म्हणाला, "हो, ऑइलपेंटने कसलातरी नंबर होता. शाळेचं नाव आणि डे. स्टॉ. असं काहीतरी. पॉलिश पेपरने घासून काढला, मग पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवला."

मला फार वाईट वाटलं. आठवडा झाला, अजून वाटतंय.

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते १९८१च्या डिसेंबरात बाजारात आणलं. दोन मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ३२ केबी मेमरी, वरच्या ओळीत लालसर केशरी बटणं. आपल्याकडे १९८४-८५मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाची योजना काढली आणि सुमारे अडीचशे शाळांत पहिल्यांदा हेच संगणक बसवले. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या त्याच्या कर्त्यांनीच पुढे एआरएम प्रोसेसर रचला. १९८५मध्ये त्याची पहिली चिप तपासली गेली, तीही बीबीसी मायक्रोला जोडूनच. आज आपल्या खिशातला मोबाइल त्याच घराण्यातल्या प्रोसेसरवर चालतो.

आमच्या शाळेत तो आला तेव्हा मी नववीत होतो. चपला बाहेर काढून आत जायचं, एका कीबोर्डपुढे तिघांनी बसायचं. चालू केला की आधी जाड आणि मग बारीक असे दोन सूर निघत. ते ऐकायला आम्ही दाराबाहेरसुद्धा थांबत असू. त्या खोलीतल्या टेबलापासून पंख्यापर्यंत सगळ्यावर पांढऱ्या रंगात नंबर टाकलेले होते, तसे संगणकांवरही. शिपाईकाकांनी बारीक ब्रशने एकेक अक्षर काढताना मी पाहिलं आहे. शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नाव चढलं की वस्तू शाळेची झाली. तो नंबर म्हणजे त्या यंत्राचा जन्मदाखला होता. कोणत्या गावच्या कोणत्या शाळेत कितव्या क्रमांकाने ते दाखल झालं, एवढी एकच खूण त्यावर होती.

दुरुस्तीला माझा विरोध नाही, उलट तिच्यावर जीव आहे. माझा स्वतःचा मायक्रो मी पहिल्यांदा चालू केला तेव्हा वीस मिनिटांत धूर निघाला आणि खोलीभर घाण वास सुटला. पॉवर सप्लायमधले जुने कागदी कपॅसिटर वर्षानुवर्षं ओल धरतात, त्यांच्या कवचाला तडे जातात आणि वीज मिळताच ते फुटतात. ते बदललेच पाहिजेत. सॉकेटमधल्या चिपा गरम-गार होऊन थोड्या वर येतात, पायांवर गंज धरतो. त्या अलगद काढून, पाय पुसून पुन्हा दाबल्या की मेलेला बोर्ड जिवंत होतो. या कामासारखा आनंद मला दुसऱ्या कशात मिळत नाही.

पण पिवळेपणा हा बिघाड नाही. प्लास्टिक पेटू नये म्हणून त्यात घातलेल्या रसायनांमुळे ते उजेडाने पिवळं पडतं. खिडकीकडची बाजू जास्त पिवळी असते, म्हणजे यंत्र कुठल्या अंगाने ठेवलेलं होतं तेही कळतं. पांढरं केलं तरी काही वर्षांत पिवळेपणा परत येतो, असा अनेकांचा अनुभव आहे. घासलेला नंबर मात्र परत येत नाही.

आमच्या घरी एक पितळी पातेलं आहे. काठावर ठोकून काढलेल्या टिंबाटिंबांच्या अक्षरांत माझ्या आजोबांच्या आत्याचं नाव आहे. या बाईंचा फोटो नाही, पत्र नाही, त्यांना पाहिलेलं माणूसही आता उरलेलं नाही. आहे ते हे नाव. कल्हईवाला आला की आई त्याच्यापुढे बसून राही. भात्याने कोळसे फुलायचे, नवसागराचा धूर डोळ्यांत जायचा, कथील आतून चांदीसारखं पसरायचं. कल्हई हवीच, नाहीतर ताक-आमटी कळकते. पण काठाला पॉलिश करू का, असं त्याने विचारलं की आई म्हणे, "नको, अक्षरं झिजतील." राजा केळकर संग्रहालयातल्या अडकित्त्यांपुढे उभा राहिलो की माझी नजरही नक्षीआधी झिजलेल्या मुठीवर जाते, ती आईमुळेच.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. तो ऐकत राहिला, मग मोबाइल काढून काहीतरी शोधू लागला. काम सुरू करण्याआधी त्याने झाकणाचा फोटो काढून ठेवला होता! नंबर अर्धा पुसट आहे, पण शाळेचं नाव वाचता येतं. फोटो छापून झाकणाच्या आतल्या बाजूला लावायचं ठरलं.

मग त्याने विचारलं, "काका, कल्हई म्हणजे नेमकं काय करतात?" त्याने ती लावताना कधी पाहिलेली नाही. आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा बंद होऊन बरीच वर्षं झाली आणि पातेल्याला आतून पितळ दिसू लागलंय. येत्या शनिवारी आम्ही दोघं स्कूटरवरून तांबट आळीत जाऊन चौकशी करणार आहोत. पातेलं मांडीवर धरून तो मागे बसणार आहे. जुन्या चादरीत गुंडाळून नेऊ, म्हणजे काठ घासणार नाही.