पहिला पट्ट्यांचा स्वेटर



धानाच्या जाती आणि खताच्या मात्रा सांगणाऱ्या या सदरात आज सुया आणि लोकर कोठून आली, असे काहींना वाटेल. कारण सरळ आहे. भारी धानाची कापणी, बांधणी आणि चुरणी आटोपली की घरातल्या हातांना थोडी उसंत मिळते, आणि नेमकी त्याच वेळी थंडी वाढते. ज्यांच्या बांधीला इटियाडोहाचे पाणी मिळते, त्यांना जानेवारी सरता सरता उन्हाळी धानाच्या रोवणीला पुन्हा उभे राहावे लागते. म्हणजे मोकळा काळ फार तर सहा-सात आठवड्यांचा. तेवढ्यात घरातल्या एका मुलाचा स्वेटर निश्चित होतो.

आमचा प्रतापगड साताऱ्याचा नव्हे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, महाशिवरात्रीच्या यात्रेचा आणि दर्ग्याचा. जंगल जवळ, तलाव-बोड्या जागोजागी. विदर्भातल्या कडाक्याच्या थंडीच्या बातम्यांत गोंदियाचे नाव वरचेवर पहिले असते. सकाळच्या शाळेला निघालेली पोरे पातळ सदऱ्यावर आईची ओढणी गुंडाळून जाताना दिसतात, तेव्हा हा विषय काही शोभेचा राहत नाही.

आणि गंमत अशी, की स्वेटरचे व्यापारी आपल्या शेजारीच राहतात. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांच्या ज्या वसाहती देशात वसल्या, त्यांतली एक १९७२ साली गोठणगाव-प्रतापगड परिसरात वसली. तिचे नाव नोर्ग्येलिंग. आपण तिला तिबेटी कॅम्प म्हणतो. ही मंडळी आपल्यासारखीच पावसाळ्यात शेती करतात आणि थंडीत शहरोशहरी गरम कपड्यांची दुकाने मांडतात. लोकांना वाटते, हे सगळे स्वेटर त्यांनी घरी विणलेले. तसे नाही. देशभरच्या तिबेटी बाजारांतला बहुतेक माल लुधियानाच्या कारखान्यांतून ठोक भावाने आणलेला असतो. शेतीचा हंगाम आणि थंडीचा हंगाम या दोहोंची सांगड त्यांनी घातली, ती मात्र आपण पाहून शिकण्यासारखी आहे.

मग तयार स्वेटर मिळत असताना विणायचा कशाला? मी हिशेब लपवीत नाही. चांगली लोकर घेतली तर पहिल्या वर्षी तुमची फारशी बचत होणार नाही. फायदा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आहे. कारखान्यातला स्वेटर पुष्कळदा विणलेले कापड कापून शिवलेला असतो. तो उसवला तर हाती तुकडे येतात. घरी विणलेला स्वेटर उसवला तर सलग धागा निघतो. त्याची लड करून धुवा, खाली थोडे वजन बांधून वाळवा; धाग्याच्या कुरळ्या सरळ होतात आणि लोकर पुन्हा विणायला तयार. शिवाय पोर वाढले की बाही वाढवता येते. ती युक्ती शेवटी सांगतो.

पहिलाच स्वेटर असेल तर तो पट्ट्यांचाच करा. एका रंगाच्या स्वेटरला लोकर कमी पडली आणि दुकानातून पुन्हा आणली, तर रंगाचा घाणा वेगळा निघतो आणि फरक छातीवरच दिसतो. पट्ट्यांत ती धास्ती नाही. उरलेसुरले गुंडेही खपतात. फक्त सर्व लोकर एकाच जाडीची हवी. दुसरे, पट्टा तुमच्यासाठी मोजणी करतो. सहा ओळींचा एक पट्टा धरला तर एकशे वीस ओळी मोजत बसण्यापेक्षा वीस पट्टे मोजणे सोपे, आणि चूक झाली तर ती कोणत्या पट्ट्यात झाली हे लगेच कळते.

खरेदीला जाताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. दुकानात सगळ्यालाच लोकर म्हणतात, पण स्वस्त गुंडे बहुधा अ‍ॅक्रिलिकचे असतात. ते धुवायला सोपे, टोचत नाही, कसर लागत नाही. पण आपल्याकडे मुले पहाटे शेकोटीला चिकटून बसतात. अ‍ॅक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते पेटते, वितळते आणि कातडीला चिकटते. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही. ओळखायचे असेल तर वीतभर धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर लोकर; वितळून कडक मणी झाला, तर अ‍ॅक्रिलिक. लहान मुलासाठी मी तरी खऱ्या लोकरीचा आग्रह धरीन. परवडत नसेल तर अ‍ॅक्रिलिक घ्या, पण मग शेकोटीजवळ त्या पोरावर डोळा ठेवा. दोन्ही एकाच स्वेटरात मिसळू नका. धुतल्यावर लोकरीचा पट्टा आटतो आणि अ‍ॅक्रिलिकचा तसाच राहतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. ती घोंगडीला उत्तम, अंगालगतच्या स्वेटरला नाही.

सुया आठ नंबरच्या दोन आणि दहा नंबरच्या दोन लागतील. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे उलटे गणित नवशिक्याला चकवते. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन. बांबूच्या सुयाही चालतात. गावातल्या बुरडाकडून काड्या तासून घ्या, पॉलिश पेपरने घासा आणि तेलाचा हात फिरवा. बांबूवरून टाके पटकन घसरत नाहीत, म्हणून शिकणाऱ्याला त्याच बऱ्या. काही जण सायकलच्या चाकाच्या तारेवर विणतात. ती या कामाला फार बारीक पडते.

सुलट आणि उलट हे दोनच टाके यायला हवेत. ते कागदावर वाचून येत नाहीत. ज्या बाईला किंवा बाप्याला येते त्याच्याशेजारी तासभर बसा. (बाप्या म्हटले म्हणून हसू नका. हिमाचलातले मेंढपाळ पुरुष रानात चालता चालता लोकर कातीत असतात.) एक ओळ सुलट, एक ओळ उलट, ही साधी वीण. एक टाका सुलट, एक उलट, ही किनारीची वीण. ती ताणली जाते आणि कड गुंडाळू देत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. धानाचे बियाणे पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते पाहतो. ऐंशीच्या खाली आले तर त्या बियाण्याच्या भरवशावर राहत नाही. विणकामातही तशीच चाचणी आहे आणि नवशिके नेमकी तीच टाळतात. आठ नंबरच्या सुईवर तीस टाके घालून १२ सेंटिमीटर साध्या विणीचा तुकडा विणा. कडा सोडून मधल्या १० सेंटिमीटरमध्ये आडवे टाके आणि उभ्या ओळी मोजा. मध्यम जाडीच्या लोकरीत २२ टाके आणि ३० ओळी बसाव्यात. तुमचा हात घट्ट असेल आणि २४ टाके बसले, तर? ८० टाक्यांचा भाग ३६ सेंटिमीटरऐवजी ३३ सेंटिमीटरच होईल. दोन्ही बाजू मिळून घेर ६६. आणि छाती ६४ असलेल्या मुलाला सदऱ्यावरून तो स्वेटर चढणारच नाही. महिन्याचे काम वाया. टाके जास्त भरले तर सात नंबरची सुई घ्या, कमी भरले तर नऊची, आणि पुन्हा मोजा. एका संध्याकाळचे काम आहे.

पुढचे माप ६४ सेंटिमीटर छातीच्या, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या मुलाचे. लोकर अडीचशे ते तीनशे ग्रॅम.

पाठीसाठी दहा नंबरच्या सुईवर ८० टाके घाला. किनारीच्या विणीच्या १६ ओळी विणा. सुमारे ५ सेंटिमीटर होतील. मग आठ नंबरची सुई घेऊन साध्या विणीचे सहा-सहा ओळींचे पट्टे सुरू करा. दोनच रंग असतील तर धागा तोडू नका; दर दोन ओळींनंतर कडेला दोन्ही धागे एकमेकांत एकदा फिरवा आणि न वापरलेला धागा सैल ठेवून वर न्या. ओढलात तर कड चुणते. तीन-चार रंग असतील तर वीतभर धागा ठेवून तोडा आणि शेवटी आतून ओवून टाका. नवा रंग नेहमी सुलट ओळीच्या सुरुवातीला जोडायचा. असे २० पट्टे झाले की २३ टाके बंद करा, मधले ३४ एका दोऱ्यावर काढून ठेवा, उरलेले २३ बंद करा. मुंड्यासाठी काही कापायचे-घटवायचे नाही. सगळा भाग चौकोनी. काम सोपे झाले ते त्यामुळेच.

पुढचा भाग तसाच, पण १७ पट्ट्यांपर्यंत. अठराव्या पट्ट्याच्या पहिल्या ओळीत ३२ टाके विणून थांबा. मधले १६ आणि पलीकडचे ३२ वेगवेगळ्या दोऱ्यांवर ठेवा. हातातल्या ३२ टाक्यांवर, गळ्याच्या बाजूला, एकाआड एक ओळीत दोन टाके एकत्र विणून एकेक कमी करा. नऊ वेळा केले की २३ उरतात आणि तोवर तीन पट्टे, म्हणजे १८ ओळी, पुऱ्या होतात. ते बंद करा. पलीकडची बाजू तशीच.

एक खांदा शिवा. मग दहा नंबरच्या सुईवर गळ्याचे टाके उचला: पाठीचे ३४, पुढचे मधले १६, दोन्ही उतारांवर पंधरा-पंधरा, एकूण ८०. किनारीच्या सहा ओळी विणून टाके सैल बंद करा. हे सैल शब्दाखाली रेघ ओढून ठेवा. स्वेटर झकास झाला आणि डोके शिरेना, अशी फजिती गळ्यापाशीच होते. दुसरा खांदा आणि गळपट्टी पक्की शिवण्याआधी कच्चे टाके घालून मुलाच्या डोक्यातून घालून पाहा.

बाह्या पुष्कळ पुस्तकांत मनगटापासून वर विणायला सांगतात. तुम्ही उलटे करा. खांद्याच्या शिवणीपासून पुढे १५ आणि मागे १५ सेंटिमीटरवर खूण करा. त्या कडेवर आठ नंबरच्या सुईने चार ओळींमागे तीन टाके या बेताने ६६ टाके उचला. दोन पट्टे सरळ विणा. पुढच्या अकरा पट्ट्यांत, प्रत्येक पट्ट्याच्या तिसऱ्या ओळीत, दोन्ही कडांना एकेक टाका कमी करा. ४४ राहतील. दहा नंबरची सुई घेऊन पहिल्या ओळीत चार टाके कमी करून ४० करा, १६ ओळी किनारी विणा, सैल बंद करा. मग बाहीच्या टोकापासून काखेपर्यंत आणि तेथून खालपर्यंत एकच शिवण घाला.

दुसऱ्या मापासाठी छातीच्या घेरात ८ सेंटिमीटर मिळवा, निम्मे करा आणि २.२ ने गुणा. तेवढे टाके घाला, सम संख्या धरा. ५८ सेंटिमीटर छातीला ७२ येतात. लांबी आणि बाही मुलाच्या अंगाला लावून पट्ट्यांवर ठरवा. कारभाऱ्यांचा स्वेटर पहिल्याच खेपेला हाती घेऊ नका. तो संपेपर्यंत उन्हाळा लागेल.

हे सगळे वाचून एखादी भगिनी म्हणेल, "साहेब, एवढे टाके कोण घालणार?" मी मोजले आहेत. एकूण सुमारे ३२ हजार टाके होतात. आता दुसरा हिशेब पाहा. २० बाय १५ सेंटिमीटर अंतरावर रोवणी केली तर १० आर, म्हणजे चौथाई एकर बांधीत, ३३ हजार चूड बसतात. तेवढे चूड तुम्ही कमरेत वाकून, चिखलात उभ्या राहून, पावसात लावता आणि ओळ वाकडी जाऊ देत नाही. त्या हातांना बसल्या जागी ३२ हजार टाके जड नाहीत. नवखा हात मिनिटाला पंधरा टाके घालतो असे धरले, तर रोज दीड तासाने चोवीस-पंचवीस संध्याकाळी लागतात. पट्ट्याचा सरळ भाग तर मंडईतले नाटक पाहता पाहताही विणता येतो. गळा मात्र घरीच, दिव्याखाली विणावा. आणि त्या दीड तासात चूल कोणी पाहायची, हे पुरुष मंडळींनी आपसात ठरवावे.

धुताना कोमट पाणी घ्या, घासू नका, पिळू नका. टॉवेलात दाबून पाणी काढा आणि खाटेवर सावलीत पसरून वाळवा. दोरीवर टांगलेला स्वेटर लांबतो. थंडी संपली की स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासोबत पेटीत ठेवा. मळका ठेवलात तर खऱ्या लोकरीला कसर हटकून लागते.

पुढच्या दिवाळीनंतर तो बाहेर काढाल तेव्हा पोराचे मनगट उघडे पडलेले असेल. बाही वरून खाली विणलेली असल्याने तिचे बंद टाके मनगटापाशी आहेत. शिवण थोडी उसवा, बंद टाका सोडा, किनारी उकलून घ्या. ४४ टाके परत सुईवर येतील. त्यांवर दोन पट्टे सरळ वाढवा, म्हणजे बाही ४ सेंटिमीटरने लांब होईल, आणि तीच लोकर वापरून किनारी पुन्हा विणा. पट्ट्यांच्या स्वेटरात वाढवलेला भाग कोणाच्या लक्षातही येत नाही.