बेडकांका पैसे कित्याक?

पूर्वपक्ष आधी त्याच्याच तोंडून ऐकावा. सिंधुदुर्गातल्या आंबोलीत तो मालवणीत बोलतो: "हय शाळेचे पत्रे गळतत, मास्तर पुरे नाय, आणि तुमी बेडकांका नि देवगांडुळांका पैसे देतास? ते पण भायल्या देशातल्या लोकांवांगडा?" शहरातला पूर्वपक्ष हेच जरा छापील मराठीत म्हणतो. आंतरराष्ट्रीय विज्ञान-शिक्षण प्रकल्पांना सरकारी अनुदान म्हणजे करदात्याच्या पैशातून प्राध्यापकांची विमानाची तिकिटं, दोन परिषदा, एक गटफोटो आणि इंग्रजीतला एक अहवाल. या म्हणण्यातला राग खरा आहे. त्या रागातून जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र चुकीचा आहे. आणि तो का चुकीचा आहे हे दाखवायला आंबोलीइतकं सोयीचं गाव दुसरं नाही.

पत्र्यांचा मुद्दा झटकन निकालात काढता येतो. बेडकाचे पैसे कापले म्हणून ते पत्र्याला मिळत नाहीत. शाळेची दुरुस्ती जिल्हा परिषद आणि समग्र शिक्षा यांच्या हेडखाली, संशोधन-सहकार्य दिल्लीतल्या मंत्रालयाच्या हेडखाली. एका हेडचा न खर्चलेला रुपया दुसऱ्यात चालत जात नाही, तो परत जातो. शिवाय देशाचा संशोधनावरचा एकूण खर्चच 2020-21 साली सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के होता. एवढ्याशा भाकरीवर डोळा ठेवून शाळा दुरुस्त होणार नाहीत. पत्र्यांसाठी भांडावं, जरूर भांडावं, पण ज्याच्याकडे ते पैसे आहेत त्याच्याशी.

आता "भायल्या देशातल्या लोकांवांगडा कित्याक" हा प्रश्न. त्याचं उत्तर गावातल्या ओल्या मातीतच आहे. आंबोलीच्या मातीत राहणारं, एक देवगांडूळ, म्हणजे बिनपायाचा उभयचर, 2003 साली विज्ञानाला कळलं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) वरद गिरी आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे मार्क विल्किन्सन व डेव्हिड गॉवर या तिघांनी मिळून त्याचं वर्णन केलं. नाव दिलं बीएनएचएसच्याच जे. सी. डॅनियल यांचं: गेगेनिओफिस डॅनियली. 2009 साली इथल्या कातळावरच्या पिवळ्या-काळ्या भेकाची पाळी आली. झँथोफ्रिनी टायग्रिना. त्या शोधनिबंधावर दिल्ली विद्यापीठाचे एस. डी. बिजू होते, वरद गिरी होते आणि ब्रसेल्सचे फ्रँकी बॉसाइटही होते. हौस म्हणून जमवलेली ही मंडळी नव्हेत. एखादी जात नवी आहे हे म्हणायला आधी जुन्या सगळ्या जाती तपासाव्या लागतात, आणि ज्या नमुन्यांवरून त्या जुन्या जाती ठरल्या त्यांतले कितीतरी गेल्या दीडशे-दोनशे वर्षांत इंग्रजांनी उचलून लंडनला नेलेले आहेत. ते अन्यायाने नेले हे मान्य. पण म्हणून तिथे जाऊन ते पाहणं आपण सोडायचं? ज्याच्या कपाटात आपली कागदपत्रं अडकली आहेत त्याच्या दारात जाऊन बसावंच लागतं.

याहून मोठा पुरावा आंबोलीच्याच नावाच्या एका झुडपी बेडकाचा, स्यूडोफिलॉटस अंबोलीचा. आपल्या देशात या वंशातल्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीचा सगळा गोतावळा श्रीलंकेत. म्हणजे शेजारच्या चौकुळच्या किंवा गेळ्याच्या पोराला त्याच्या परसातल्या बेडकाची कुळकथा सांगायची झाली तर समुद्र ओलांडावाच लागतो. दोन भूभाग कधी जोडलेले होते, कधी पाण्याने तुटले, तिथवर जावं लागतं. पूर्वपक्षाला वाटतं की "स्थानिक" आणि "आंतरराष्ट्रीय" ही दोन टोकं आहेत आणि पैसा एकाला द्यायचा की दुसऱ्याला एवढंच ठरवायचं आहे. आंबोलीत तो वाद उभाच राहत नाही.

"ते येतात, घेऊन जातात, आपल्याला काय राहतं?" हा आक्षेप जास्त जड आहे, कारण त्याच्यामागे इतिहास आहे. पण इतिहासच वाचायचा तर पूर्ण वाचू. 1958 साली मुंबईची आयआयटी वरळीतल्या उसन्या जागेत शंभर विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली, तेव्हा तिची यंत्रं आणि तज्ज्ञ युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघातून आले होते. इमारती आणि चालू खर्च भारत सरकारचा. इथल्या अध्यापकांना तिकडे शिकायला शिष्यवृत्त्याही त्याच करारात होत्या. त्या यंत्रांचं एव्हाना भंगार झालं असेल, आणि ज्या सोव्हिएत संघाने ती दिली तोही उरला नाही. शिकून परतलेल्या अध्यापकांनी मात्र पुढच्या पिढ्या घडवल्या. पुढे पवईला गेलेल्या या आयआयटीचे पदवीधर अमेरिकेत गेले, असं कुणी म्हणेल. गेले. पण पवईत शिकवणारे इथेच होते, म्हणूनच जायला पदवीधर तयार झाले.

आंबोलीचा घाट उतरून गोव्यात गेलं की दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची जहाजं आपला समुद्र मोजायला आली, आपलं नौदलाचं 'किस्तना'ही त्यात उतरलं. पाहुणे गेल्यावर आपण हात झटकले असते तर आज पूर्वपक्ष बरोबर ठरला असता. तसं झालं नाही. मोहीम संपता संपता, 1 जानेवारी 1966 रोजी, ही संस्था उभी राहिली. पाहुण्यांनी काय नेलं याचा हिशेब जरूर मांडावा. पण यजमानाने मागे काही उभं करायचं ठरवलं होतं की नाही, हा प्रश्न त्याच्या आधीचा.

नमुने पळवण्याच्या भीतीबद्दल थोडक्यात. 2002 च्या जैवविविधता कायद्याने परदेशी संशोधकाला परवानगीशिवाय इथली माती-पान उचलता येत नाही, आणि नवी जात सापडली तर तिचे नमुने ठरवून दिलेल्या भारतीय संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे. कायदा चोख पाळला जातो असं माझं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की सरकारी अनुदानाच्या प्रकल्पाचा कागद असतो, आणि कागद असला तर जाब विचारता येतो. कॅमेरा गळ्यात घालून पावसाळी रात्री गुपचूप डबी भरणाऱ्या पर्यटकाचा कागद नसतो.

मग कुणी म्हणतं, सरकारने का? परदेशी संस्था देणगी द्यायला बसल्याच आहेत. हा सल्ला देणाऱ्याने परदेशी देणग्यांच्या कायद्याची (एफसीआरए) 2020 ची दुरुस्ती वाचलेली नसते. त्याआधी मुंबई-पुण्यातली मोठी संस्था परदेशी निधी घेऊन त्यातला वाटा नोंदणीकृत छोट्या संस्थेला देऊ शकत होती. आता असा निधी दुसऱ्याकडे वळवायला बंदी आहे, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली आहे. सावंतवाडी तालुक्यातल्या एखाद्या निसर्गमंडळाने परदेशी देणगीची वाट बघायची म्हणजे स्वतः दिल्लीतल्या ठरलेल्या बँकशाखेत खातं उघडून सगळी कागदी लढाई लढायची. हा रस्ता सरकारनेच अरुंद केला आहे. तेव्हा दुसरा रस्ता सरकारनेच मोकळा ठेवायला हवा.

इथपर्यंत पूर्वपक्षाला उत्तरं दिली. आता त्याच्या रागाची बाजू घेतो, कारण तो राग चुकीच्या जागी निघाला असला तरी त्याला कारण आहे.

2015 साली 'ज्ञान' नावाची योजना आली. परदेशी प्राध्यापकाने इथे येऊन बारा-चौदा तासांचा अभ्यासक्रम घेतला तर 8,000 डॉलरपर्यंत, वीस ते अठ्ठावीस तासांचा घेतला तर 12,000 डॉलरपर्यंत. माणूस मोठा असेल, व्याख्यानं उत्तम असतील. पण पंधरवड्यानंतर तो विमानात बसतो. 2018 साली 'स्पार्क' आली, 418 कोटींची. कल्पना चांगली, जोडीने संशोधन करण्याची. अट मात्र पाहा. भारतीय संस्था राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात किंवा नॅकच्या वरच्या श्रेणीत हवी, आणि परदेशी संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत, नाहीतर विषयवार पहिल्या दोनशेत. आता आंबोलीचा बेडूक आठवा. त्याचे भाऊबंद श्रीलंकेत, आणि श्रीलंकेची विद्यापीठं तेव्हा पहिल्या पाचशेच्या आसपासही नव्हती. म्हणजे या बेडकावर आपल्याइतकंच ज्यांना काही सांगण्यासारखं आहे त्या शेजाऱ्याशी जोडी जमवायला ही योजना निरुपयोगी, आणि ज्या देशात असा बेडूक एकही नाही तिथल्या नामांकित विद्यापीठाशी जोडी जमवायला पैसे तयार. क्रमवारी लावणाऱ्याने पाऊस बघितलेला नसतो.

आणि पावसाचाच मुद्दा मला सगळ्यात टोचतो. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. ते कातळावरचं भेक पहिल्या सरींच्या सुमारास डबक्यांत जमतं, घाईने अंडी घालतं आणि दिसेनासं होतं. सरकारी अनुदानाचा ऋतू वेगळा. एप्रिलमध्ये नवं वर्ष, पावसाळ्यात मंजुरीच्या फायली, दिवाळीनंतर हप्ता, आणि मग मार्चअखेर. मार्चमध्ये आंबोलीच्या सड्यावर गवत वाळलेलं असतं आणि बेडूक जमिनीखाली. पैसे मात्र 31 तारखेच्या आत संपवायचे, कारण 'यूसी', म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, दिल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. बेडूक मार्चमध्ये विकत मिळत नाही, सूक्ष्मदर्शक मिळतो. म्हणून सूक्ष्मदर्शक घेतले जातात. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या भिंगांवर बुरशी चढते, कारण ते वापरणाऱ्या माणसाच्या मानधनाचं हेड दुसरं असतं आणि ते अजून मंजूर नसतं. शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅबचा आराखडा निदान या बाबतीत बरा आहे: वीस लाखांतले दहा सामानाला आणि दहा पाच वर्षांच्या चालू खर्चाला. म्हणजे चालू खर्चाचं महत्त्व सरकारला कळत नाही असं नाही. परदेशी भागीदार आला की ते विसरलं जातं, एवढंच.

पैसा नीट मुक्कामाला पोचला तर काय होतं याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. 2011 नंतर भारत सरकार, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांचा सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी प्रकल्प झाला. बाहेरचं अनुदान सुमारे 34 लाख डॉलर. त्यातल्या सगळ्याच गोष्टी टिकल्या असं मी म्हणणार नाही. पण वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवू लागल्या. हे झाड मिठाला कसं तोंड देतं, त्या मुळांच्या आधाराने मासळीची पिल्लं कशी वाढतात, हे त्या मराठीतून सांगतात. प्रकल्पाची मुदत सरल्यावरही होडी चालूच राहिली. माझ्या लेखी हेच विज्ञानशिक्षण, आणि त्यावर झालेला खर्च वसूल झालेला आहे.

दुसरा दाखला घाटावरचा. नारायणगावजवळ खोडदला तीस महाकाय अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे; जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मागतात. दर 28 फेब्रुवारीच्या सुमारास तिथे विज्ञानदिन भरतो, खेड्यापाड्यांतल्या शाळांची मुलं आपले प्रयोग मांडतात आणि डिशखाली उभी राहून माना वर करतात. त्याला फार पैसा लागत नाही. दार उघडं ठेवायची तयारी लागते. आता हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे, 2023 साली 2,600 कोटी मंजूर झाले. त्यातला औंढ्याच्या शाळेतल्या विज्ञानशिक्षकाच्या नावाचा भाग किती, हे कुणीतरी आतापासून विचारायला हवं. भिंती बांधून झाल्यावर विचारलं तर कुणी ऐकणार नाही.

आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाच्या कुंडाशी 2020 मध्ये एका चिमुकल्या माशाची नवी जात नोंदली गेली, आणि 2021 मध्ये राज्य सरकारने ती 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. तिथलं पाणी पुढे गडहिंग्लजवरून घटप्रभेत आणि कृष्णेत जातं, चार राज्यांतून वाहत बंगालच्या उपसागराला मिळतं. या एका कुंडावर दहावीपर्यंतचं विज्ञान आणि भूगोल शिकवता येईल. त्याला लागतं काय? गावातल्या जाणत्या पोरा-पोरींपैकी दोघांना सलग तीन पावसाळे मानधन. जाती ओळखायची मराठीतली एक सचित्र पुस्तिका, शाळेच्या दप्तरात मावेल अशी. आणि परदेशी प्राध्यापकाला इकडे आणण्याच्या खर्चातून एकदा तरी सावंतवाडीच्या महाविद्यालयातल्या मुलीला लंडनच्या कपाटापर्यंत किंवा श्रीलंकेच्या जंगलापर्यंत नेणं. हे सगळं प्रकल्पाच्या मुख्य अंदाजपत्रकात, पगार आणि प्रवासाच्या ओळींशेजारी लिहिलेलं असावं. आज ते सापडलंच तर "जनजागृती" नावाच्या शेवटच्या परिशिष्टात, आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथेच लागते.

म्हणून माझं मागणं अनुदान थांबवण्याचं नाही, वाढवण्याचं आहे. सोबत एकच कलम घाला: पश्चिम घाटातल्या कामाचा पहिला हप्ता मेमध्ये सुटला पाहिजे. सड्यावरची डबकी भरतात तेव्हा तिथे हजर राहायला मुख्य संशोधकाला दिल्लीहून यावं लागतं आणि विद्यार्थिनीला सावंतवाडीहून. सावंतवाडीची एसटी तासाभरात पोचते, आणि तिचं तिकीट कुठल्याही हेडमध्ये बसतं.