विहिरीत उतरणारा दिग्दर्शक

राही अनिल बर्वेने ‘तुंबाड’चा पहिला खर्डा १९९७ साली लिहिला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. सिनेमा लागला १२ ऑक्टोबर २०१८ रोजी. मधल्या काळात निर्माते आले आणि मागे फिरले. २०१२ मध्ये केलेलं चित्रीकरण मनासारखं उतरलं नाही म्हणून बराच भाग पुन्हा चित्रित झाला, आणि खऱ्या पावसासाठी एकेक पावसाळा थांबणं झालं. ‘हमिदाबाईची कोठी’ लिहिणाऱ्या अनिल बर्वेंचा हा मुलगा. २००८चा त्याचा ‘मांजा’ हा लघुपट ब्रिटिश दिग्दर्शक डॅनी बॉईलला भावला, पण त्यानेही वाट सोपी झाली नाही.

नारायण धारपांच्या कथांचं बीज या सिनेमात आहे, पण भीती बर्वेची स्वतःची आहे. सिनेमाचा नायक विनायक दोराला धरून विहिरीत उतरतो, भोवती पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली तिथल्या हस्तर या भुतापुढे टाकतो आणि तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढतो. इथवर अंगावर काटा येतोच. मला त्याहून भयंकर वाटतं ते पुढचं: बाप हेच कसब पोटच्या पोराला शिकवतो, आणि पोरगाही हौसेने शिकतो. भूत विहिरीत आहे, पण हाव वंशपरंपरेने चालत आलेली आहे.

व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात याच सिनेमाने झाली. आपल्याकडे मात्र पहिल्या खेपेला गर्दी बेताचीच होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त धंदा झाला. प्रेक्षक होताच, त्याच्यापर्यंत पोचायला उशीर झाला. अशा दिग्दर्शकाला दोन दशकं ताटकळत ठेवणं हे आपल्या चित्रपटसृष्टीचं मोठं नुकसान आहे, आणि ते मला मनापासून सलतं.

अशा दिग्दर्शकाच्या हाती द्यावी अशी आणखी एक गोष्ट आपल्याकडे आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज फौज झाशीत शिरली तेव्हा शहरातच अडकले. लूट, कत्तल, जळणारी घरं त्यांनी डोळ्यांनी पाहिली. गाठीचं द्रव्य गेलं, घरी आली ती गंगेची कावड. ‘माझा प्रवास’ या त्यांच्या पुस्तकात सगळं लिहिलेलं आहे. पैशासाठी निघालेल्या माणसाच्या मनात त्या दिवसांत काय चाललं असेल, हे दाखवायला बर्वेसारखाच दिग्दर्शक हवा. कुणा मराठी निर्मात्याने ही झाशी त्याच्याकडे न्यावी, आणि हवे तेवढे पावसाळे द्यावेत.